तापीकाठचं टपाल

मागच्या अंकात मी तापीला मिळणाऱ्या पांझरा नदीच्या फडांबद्दल, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी शेतांना वाटून देण्याच्या जुन्या पद्धतीबद्दल लिहिलं होतं. बंधारा कसा, पाटकरी कोण, कोणत्या फडात कोणतं पीक. वाटलं होतं, त्यावर दोन-चार शंका येतील. आली बावीस पत्रं, आणि त्यांतली सतरा तापीवर! लेकीचं कौतुक करावं तर लोकांनी आईचीच चौकशी सुरू केली. असो. बत्तीस वर्षं भूगोल शिकवला, नदीच्या दोन्ही काठांवर राहिले. सांगायला माझी ना नाही. सगळ्या पत्रांना जागा पुरणार नाही, थोडी निवडली आहेत.

आजोबा अमळनेरचे, आम्ही पुण्यात वाढलो. तापी ७२४ किलोमीटर लांब, एवढी मोठी नदी. मग गोदावरीला नाशिक, कृष्णेला वाई, तसं तापीला गजबजलेलं घाटाचं गाव आपल्याकडे का नाही? आणि नदीतून होड्यांनी मालवाहतूक कधी होत होती का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

पोरी, सुटीत आलीस की भुसावळला उतर आणि यावलच्या गाडीत बस. खिडकीशी डोळे लावून बसशील, पण पूल सुरू होईपर्यंत नदीचा पत्ता लागणार नाही. मग एकदम खाली बघशील. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या खाली बघण्यात आहे. तापीचे काठ मातीचे आणि उभे, बऱ्याच ठिकाणी तीस ते साठ फुटांचे. मी वर्गात सांगायची, गोदावरी अंगणातून जाते, तापी तळघरातून.

असं का? उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर. मधली जमीन फार पूर्वी भूगर्भातल्या भेगांवरून खचली. सातपुड्याच्या पलीकडे नर्मदेचंही तसंच. म्हणून दख्खनच्या बाकीच्या मोठ्या नद्या पूर्वेला जातात आणि या दोघी पश्चिमेला. खचलेल्या पट्ट्यात डोंगरांवरची माती हजारो वर्षं येऊन साचली. यावल-रावेरकडे तर तिचा थर शेकडो फूट जाड आहे. त्याच मातीत नदीनं स्वतःला खोल खोल उतरवून घेतलं. वर पावसाचं पाणी काठ कातरत राहिलं, त्याच्या घळी झाल्या. आता अशा काठावरून बैलगाडी खाली न्यायची तर उतार हवा, आणि तो दर गावाला मिळत नाही. जिथं खडक लागला किंवा उपनदी येऊन मिळाली तिथं देऊळ झालं, घाट झाला: चांगदेव, मुडावद, प्रकाशा. बाकी गावांनी पांढरीवर, म्हणजे वस्तीच्या जुन्या जागेवर, गढी बांधली आणि नदीला वरूनच नमस्कार केला.

होड्यांचं म्हणशील तर उन्हाळ्यात पाणी घोट्याएवढं, मध्ये खडक, आणि पावसाळ्यात कुणाची छाती होणार नाही असा लोंढा. भरतीचं पाणी चढतं ते सुरतेच्या आसपास, गलबतं तिथवर. आपल्याकडे डोंगा होता तो या काठावरून त्या काठावर जाण्यापुरता. माल गेला तो नदीच्या बाजूबाजूनं, गाड्यांवर आणि बैलांच्या पाठीवर. सुरतेहून व्यारा, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा करत बऱ्हाणपूर, आणि तिथून पुढे आग्रा. हा रस्ता म्हणजेच खरी तापीवरची वाहतूक. इंग्रजांचा वकील टॉमस रो १६१५ साली ऑक्टोबरअखेर सुरतेहून निघाला आणि नोव्हेंबरच्या मध्याला बऱ्हाणपूरला पोहोचला. तिथं शाहजादा परवेझचा मुक्काम होता. पुढे तावर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या याच वाटेनं आला. बऱ्हाणपूरचं तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंडपर्यंत जातं असं त्यानं लिहून ठेवलं आहे. म्हणजे तुझ्या आजोबांच्या मुलखाशेजारून पोलंडला कापड जात होतं, आणि आम्ही शाळेत मँचेस्टर पाठ करत होतो.

मुमताज महल १६३१ साली वारली तीही बऱ्हाणपूरलाच. तिला आधी पुरलं ते तापीच्या पलीकडच्या काठावर, झैनाबादच्या बागेत. सहा महिन्यांनी आग्र्याला नेलं. ताजमहाल बघायला गेलीस की यमुनेच्या काठी उभी राहून तापीची आठवण काढ. पुराणात त्या दोघी सूर्याच्या मुली. एक संज्ञेची, एक छायेची.

थाळनेरचं नाव वर ओझरतं घेतलं, पण ते गाव तसं सोडून जाण्यासारखं नाही. फिरोजशाह तुघलकानं १३७० साली मलिक राजा फारुकीला हा मुलूख दिला, त्याचं ठाणं थाळनेर. खानदेशची सल्तनत उभी राहिली ती याच काठावर; बऱ्हाणपूर त्याच्या मुलानं मागाहून वसवलं. फारुकींच्या कबरी अजून थाळनेरला आहेत, कोरीव दगडाच्या, आणि आजूबाजूला शेळ्या चरतात. किल्ल्याची एक बाजू नदीनंच राखलेली, पण १८१८ च्या फेब्रुवारीत इंग्रजांच्या तोफांपुढे तीही पुरली नाही. आतली शिबंदी कापली गेली, किल्लेदाराला फाशी दिलं. आज थाळनेर म्हटलं की लोकांना आठवतं ते लता मंगेशकरांचं आजोळ. तेही खरंच आहे.

जाता जाता एक गंमत. सुरतेहून अमळनेरपर्यंतची रेल्वे तापी व्हॅली नावानं बांधली गेली. नाव तापीचं, पण ती तापी एकदाही ओलांडत नाही. सगळा प्रवास दक्षिण काठानं. नदी ओलांडते ती भुसावळहून खांडव्याला जाणारी गाडी. नंदुरबारच्या पॅसेंजरमध्ये बसून "तापी कधी येते हो?" असं विचारणारे पुण्या-मुंबईचे पाहुणे मी पाहिलेत. चहावाला त्यांना "येईल, येईल" म्हणतो आणि पुढच्या डब्यात जातो.

तापी, ताप्ती की तपती? मुलाच्या निबंधात बाईंनी "ताप्ती" चूक दिलं. (एक पालक, धुळे)

मध्य प्रदेशात ताप्ती म्हणतात, इंग्रजी कागदोपत्रीही तेच आलं. आपल्याकडे तापी. महाभारतातली सूर्यकन्या तपती, संवरण राजाची राणी आणि कुरूची आई. उगमाच्या गावाचं नाव मुलताई, ते मूळतापीवरून. बैतूल जिल्ह्यात आहे, गावात मोठं तळं आहे, आषाढ शुद्ध सप्तमीला तिथं नदीचा वाढदिवस करतात. मराठीच्या पेपरात तापीच लिहावं, पण ताप्ती लिहिणाऱ्याचे गुण कापणं जरा जास्तच झालं. मुलाला सांगा, थायलंडमध्येही एक तापी नदी आहे. तिथल्या राजानं १९१५ साली आपल्या एका गावाला सुरतेवरून सुरत थानी नाव दिलं आणि तिथल्या नदीला आपल्या नदीवरून तापी. हे निबंधात घालायला हवं होतं.

आईवडील सत्तरीपुढचे. दोन दिवसांत तापीकाठ दाखवायचा आहे. कुठं जावं, कधी जावं? (एक वाचक, नाशिक)

मार्च ते मे मुळीच नको. आमच्या भुसावळच्या उन्हात धडधाकट माणूस दुपारी दार लावून बसतो. पाऊस सरल्यावर, दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंत कधीही या.

पहिला दिवस चांगदेवला द्या. मुक्ताईनगर तालुक्यात (जुनी माणसं अजून एदलाबाद म्हणतात) तापी आणि पूर्णा इथं एकत्र येतात. पूर्णा सातपुड्यातून निघून अकोला, बुलढाणा फिरून येते, म्हणजे वऱ्हाडचं पाणी खानदेशला इथं भेटतं. काळ्या दगडाचं हेमाडपंती मंदिर आहे, सावलीत बसायला जागा भरपूर. चांगदेवांची गोष्ट वडिलांना ठाऊक असेलच. ज्ञानदेवांना पत्र लिहायचं तर मायना काय घालावा कळेना. वयानं लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानानं मोठे म्हणून नमस्कार? शेवटी कोरंच पत्र पाठवलं. उत्तर आलं पासष्ट ओव्यांचं. (कोरं पत्र पाठवणारा एक वाचक मलाही आहे, दर दोन महिन्यांनी आंतर्देशीय येतं, आत काहीच नाही. मी पासष्ट ओव्या लिहिणार नाही, हे त्यांनी लक्षात घ्यावं.) पुढे ज्ञानदेवांच्या बहिणीला, मुक्ताईला, चांगदेवांनी गुरू केलं, आणि मुक्ताई अंतर्धान पावली तीही याच परिसरात, अशी श्रद्धा आहे. जवळच मेहूण आणि कोथळी. कोथळीच्या जुन्या देवळातून आषाढीला मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते. महाशिवरात्रीला यात्रेची गर्दी फार. आईवडिलांच्या गुडघ्यांचा विचार करून तो दिवस टाळा.

परतताना हतनूर धरणाच्या फुगवट्यावर थांबा. हिवाळ्यात पाहुणे पक्षी असतात, दुर्बीण असेल तर घ्या. रात्री जळगावला मुक्काम करून वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. भरीत म्हणजे जळगावची हिरवी-पांढुरकी मोठी वांगी, तुरकाठ्यांवर भाजलेली आणि लाकडी बडजीत ठेचलेली. टोमॅटो घातलेलं भरीत कुणी समोर ठेवलं तर पैसे देऊन उठा.

दुसऱ्या दिवशी प्रकाशा. मध्ये बराच पल्ला आहे, सकाळी लवकर निघा. शहादा तालुक्यात गोमाई तापीला मिळते तिथं केदारेश्वर आणि पुष्पदंतेश्वराची देवळं आहेत, दक्षिण काशी म्हणतात. घाटावर पायऱ्या आहेत, पण आईंना खाली उतरवण्याची घाई नको. देवळाइतकीच मला तिथली पांढरीची टेकाडं आवडतात. पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापरांनी १९५५ मध्ये इथं उत्खनन केलं, तेव्हा तांब्याचा आणि दगडाचा वापर एकाच वेळी करणाऱ्या माणसांची वस्ती सापडली. साडेतीन हजार वर्षं मागची गोष्ट. त्यांची रंगवलेली मडकी खापरं होऊन मातीत पडून होती. तापीकाठच्याच सावळदा गावावरून त्या काळच्या एका प्रकारच्या भांड्यांना सावळदा हे नाव अभ्यासकांनी दिलं आहे. मुलांना सहलीला नेलं होतं तेव्हा एकानं खापराचा तुकडा खिशात घातला. मी तो परत ठेवायला लावला, आणि घरी येऊन पाहते तर माझ्याच पिशवीत दुसरा. तोही मुलांचाच उद्योग. पुढच्या वर्षी जाऊन ठेवून आले.

दत्तजयंतीच्या सुमारास आलात तर वाटेवर सारंगखेड्याचा घोडेबाजार. एकमुखी दत्ताची यात्रा आणि नदीकाठी देशभरातले घोडे. वडील घोडा घ्यायला निघाले तर आवरा.

मी मूळ शिंदखेड्याचा, पंचवीस वर्षं सुरतेत आहे. २००६ च्या पुरात आमचं घर छतापर्यंत बुडालं. सुरतेचे शेजारी म्हणतात, "तुमच्या खानदेशानं पाणी सोडलं." आता दर पावसाळ्यात मी मान खाली घालून बसतो. त्यांना काय सांगू? (एक वाचक, उधना)

मान वर करा आधी. सुरतेत निम्मी गल्ली अहिराणी बोलते, पाणी काय जात विचारून घरात शिरतं?

आता हिशेब. तापीचं खोरं सुमारे ६५,००० चौरस किलोमीटर, त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग महाराष्ट्रात. म्हणजे मेळघाटात, बऱ्हाणपूरकडे, पूर्णेच्या आणि गिरणेच्या खोऱ्यात पाऊस पडला की ते पाणी तुमच्याकडेच येणार. नदीला दुसरी वाटच नाही. आमच्या हतनूरला ४१ दरवाजे आहेत. टीव्हीवर "हतनूरचे सर्व दरवाजे उघडले" अशी बातमी येते आणि लोकांना वाटतं की कुणीतरी मुद्दाम उघडले. तसं नसतं. हतनूर हे आडवं, उथळ धरण आहे, त्यात गाळही पुष्कळ भरला आहे. मोठा पूर पोटात धरून ठेवायची त्याची कुवतच नाही. आलेलं पाणी खाली सोडायचं, एवढंच त्याच्या हाती. पुढे सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथले बॅरेज. त्यांचंही तेच, पूर आला की दारं वर.

पूर अडवण्याइतकं पोट आहे ते सुरतेच्या वरच्या अंगाला असलेल्या एका उकाई धरणाला. ते १९७२ चं, आणि बांधलं तेच मुळी पूर आणि सिंचन दोन्ही डोळ्यांपुढे ठेवून. यातच गोची आहे. सिंचनासाठी आणि विजेसाठी धरण भरलेलं हवं, पुरासाठी रिकामं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात किती भरून ठेवायचं हा जुगार आहे. २००६ मध्ये ७ ते ९ ऑगस्टला वरून लोंढा आला तेव्हा धरणात जागा उरली नव्हती, आणि एकदम सोडावं लागलं. खाली शहर नदीच्या पात्रापर्यंत सरकलेलं. १९६८ मध्येही सुरत बुडाली होती, तेव्हा उकाई नव्हतंच.

शेजाऱ्यांना हेही सांगा की उकाईचा फुगवटा नवापूरकडे आपल्या हद्दीत आला, त्यात आदिवासींची गावं आणि शेतं गेली. सुरतेचा नळ आणि उसाचे मळे त्या पाण्यावर चालतात. हे भांडायला नाही, चहा पिताना सांगा.

शेत तापीपासून दीड किलोमीटरवर, रावेर तालुक्यात. समोर नदी वाहते आणि माझी विहीर फेब्रुवारीत कोरडी. मृगबाग (मृगात लावलेली केळी) कशीबशी निघते, कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावायची केळी) लावायची हिंमत होत नाही. हे कसं काय? (केळी उत्पादक)

भाऊ, तुमच्या पत्रातला राग कळतो. माझ्या माहेरी तेच आहे. माझ्या लहानपणी मोटेचं पाणी होतं, भावानं बोअर केलं, आता पुतण्या आणखी खाली जायचं म्हणतो.

पुन्हा तेच खोल पात्र. तुमचं शेत वर, नदी पन्नास फूट खाली. असल्या नदीचं पाणी काठातून तुमच्या विहिरीत चढत नाही. उलट जमिनीतलं पाणीच उतारानं पाझरून नदीत जातं. तुमच्या विहिरीचा खरा धनी सातपुडा. डोंगर संपतो आणि सपाटी सुरू होते तिथं दगडगोट्यांचा, भरड वाळूचा पट्टा आहे. तज्ज्ञ त्याला बझाडा म्हणतात. सुकी, मोर, अनेर या नद्या डोंगरातून उतरतात आणि त्या पट्ट्यात पाणी जिरवतात. ते जमिनीखालून हळूहळू तुमच्यापर्यंत येतं. वर जंगल विरळ झालं, पाणी जिरण्याऐवजी धावायला लागलं. आणि खाली आपण हजारो मोटारी लावल्या. केळीला तहान किती असते ते मी तुम्हाला काय सांगू! ठिबक आल्यावर पाणी वाचलं, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी बाग लावली गेली. हिशेब तिथंच.

तापीचं पुराचं पाणी कालव्यांनी त्या बझाड्यात नेऊन जिरवायची मोठी योजना आहे. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात करार झाला. होईल तेव्हा होईल. तोवर पावसाळ्यात शेतातलं वाहून जाणारं पाणी गाळणी करून विहिरीत सोडा. जाड दगड, मग खडी, मग वाळू. नाल्यावरचा बंधारा गावानं मिळून उन्हाळ्यात उकरा. नदीवरून उपसा करायचा तर एकट्यानं पाइपलाइन टाकू नका, विजेच्या बिलातच बाग जाईल. चार-सहा जण मिळून करा. आणि सगळ्या शेतात केळी हा हट्ट सोडा. हे माझ्या पुतण्याला पटत नाही. तुम्हाला पटलं तर कळवा, त्याला पत्र दाखवीन.

तुम्ही नदीच्या दोन्ही काठांवर राहिलात असं नेहमी लिहिता. पूल नव्हते तेव्हा माहेरी कशा जात होतात? (एक वाचक, चोपडा)

माझं माहेर यावल तालुक्यात, सासर जळगाव तालुक्यात. काठापासून काठापर्यंत हाकेचं अंतर, आणि रस्त्यानं गेलं तर भुसावळचा वळसा. लग्न १९७१ च्या मे महिन्यात झालं. पात्रात टरबुजांच्या आणि डांगरांच्या वाड्या होत्या, वऱ्हाडाच्या गाड्या वाळूतून, वाड्यांच्या कडेकडेनं आल्या. पाणी चाकाच्या आरीपर्यंत. वाडीवाल्यानं नवरीसाठी एक टरबूज गाडीत ठेवलं, ते मी मांडीवर धरून सासरी आले.

तुमच्याकडे खेडीभोकरीला पाणी ओसरलं की लाकडी पूल टाकत, तसं आमच्याकडे नव्हतं. पावसाळ्यात डोंगाच. पहिल्या श्रावणात कानबाईच्या रोटांना, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाला, माहेरी निघाले. नदी गढूळ, दोन्ही काठ ओले, उतारावर पाय ठरेना. सासूबाई वर उभ्या राहून ओरडल्या, "पोरी, आधी मायले नमस्कार कर, मंग बस!" नावाड्यानं डोंगा आधी काठाकाठानं बराच वर नेला आणि मग प्रवाहात सोडला. तिरका वाहत तो बरोबर आमच्या उतारापाशी लागला. वेग, दिशा, अंतर हे सगळं मी पुढे फळ्यावर बाण काढून शिकवलं. त्या माणसाला अक्षरओळख नव्हती.

रोट झाले, सोमवारी कानबाई नदीत शिरवली आणि त्याच डोंग्यातून परतले. माहेरी जाणाऱ्या लेकीकडून पैसे घ्यायचे नाहीत, असा त्या नावाड्याचा नियम होता. परतताना मात्र दुप्पट घ्यायचा, आणि तेही सासऱ्यांकडून. माझे सासरे दर वेळी त्याच्याशी भांडायचे आणि दर वेळी द्यायचे.